धांड्याचं ठेसन

ठेसन गेलं त्याच्या आधी टेपवाली माणसं आली होती. लय गोड बोलायची. फलाट किती लांब, आड किती खोल, लिंबाचा बुंधा किती जाड, सगळं आमालाच विचारलं. टेपाचं एक टोक तर मीच धरलं होतं. चहा पिले, बिडी ओढली, आन जाताना म्हणले, "तुमची लय मदत झाली बघा." पुढच्या सुगीला रूळ उपटले. लहान लाईन जाऊन मोठी आली, आन मोठ्या लाईनीची गाडी आमच्या गावात थांबेना. तवापासून कोणी हसून माप विचारलं की माझा हात आपोआप खिसा चाचपतो.

म्हणून गावाचं नाव बी सांगत न्हाई. मानवतहून परभणीला जाताना मधी लागतं, एवढं पुरे.

आज ऐतवार. परतीच्या एस.टी.त खिडकीपाशी बसलोय. मांडीवर टोपलं हाय, आन टोपल्यात लिंबाचा पाला सोडून काई न्हाई. कंडक्टर ओळखीचा. म्हणला, "मामा, तुमचं पाव्हणं आज कुठं ठिवलं?" मी तोंड फिरवून बसलो. बाहेर कडब्याच्या गंजी मागं पळायल्यात, आन पाल्याच्या वासापायी मी त्यांच्याबी मागं चाललोय.

लिंब ठेसनाच्या दारातच होता. चैतात त्याचा मोहर फलाटावर सांडायचा, आन त्या कडू-गोड वासात कोळशाचा धूर मिसळला की जे होतं ते माझ्या जवानीचं अत्तर. आता कुणाला सांगून उपेग न्हाई. तागाची ओली पोती, इंजिनाची गरम राख, राखेवर ओतलेलं पाणी, सरकीचं तेल, कापसाचा नाकात जाणारा बारीक केस. डोळे झाकून कुणीबी सांगितलं असतं, आपुन ठेसनात उभे हाव. गाडी यायच्या आधी सिग्नलची तार वाजायची. लांबनं, जमिनीतनं आल्यासारखी, टंग्ग. मग सिग्नलचा हात खाली पडायचा. मग रुळाचा टांगलेला तुकडा ठेसनातला रशीद ठोकायचा, आन लिंबावरल्या चिमण्या एकदमच उठायच्या, जशा काई गाडीचं तिकीट त्यांनीच काढलंय.

मी चौथी शिकलो. पुढली शाळा मालधक्क्यावर झाली. सुगीत मानवतकडच्या गाड्यांची रांग लागायची. बैलाच्या घुंगरांनी कान भरून जायचे. ज्वारीची पोती पाठीवर घेऊन आमी वॅगनीत थप्पी लावायचो. एखादं जुनं पोतं मधीच उसवायचं आन टप्पोरी ज्वारी फलाटभर सांडायची. मालबाबू वरडायचा, पण कमी वरडायचा, कारण सूप घेऊन बाया तयारच असायच्या. बाया, चिमण्या आन एक लंगडी शेळी. सांडलेली ज्वारी कुणाची, ह्यावर कवा तकरार झालेली मला आठवत न्हाई. उन्हं कलली की फलाट सोन्यासारखा दिसायचा.

रशीद पोर्टर होता. माझ्यापेक्षा थोडा थोरला. खाकी कपडे, खाकी टोपी, पान खाऊन लाल तोंड. त्याचं खरं काम रिंगीचं. आता पोरांना ते ठाऊक न्हाई, म्हणून सांगतो. ठेसनात एक मशीन होती, तिच्यातनं लोखंडी गोळा निघायचा. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. त्या कड्याला रिंग म्हणायचे. डायवरच्या हातात रिंग पडल्याबिगर गाडीला पुढं जायचा हुकूम नव्हता. सायब बसलेला असो का मंत्री. मेल गाडी तर थांबायचीबी न्हाई. रशीद फलाटाच्या कडेला रिंग उंच धरून उभा ऱ्हायचा, आन इंजिनातला माणूस वाकून तिच्यात हात घालून ती उचलून न्यायचा. धूळ, वारा, धडधड. पापणी लवायच्या आत रिंग गेलेली असायची आन रशीद तसाच उभा, पुतळ्यावाणी.

उशीर झालेला पाशिंजर पळत आला की तो म्हणायचा, "कैकू भागता रे? मैं रिंग दिये बगैर गाडी हिलती क्या?" आन कुणाची म्हातारी येशीपाशी दिसली तर रिंगीचा पट्टा नीट करत बसायचा. पट्टा नीटच असायचा.

लाईन गेली तवा त्याची बदली हैदराबादकडं झाली. तिकडंच मातीत गेला, असं कुणीतरी बाजारात सांगितलं. त्याचा फोटो कुणाजवळ न्हाई. माझ्या डोक्यात हाय तेवढाच.

एवढं सगळं पोटात घालून मी गुमान होतो. पण गेल्या साली दात पडले, आन परभणीच्या डॉक्टरीणबाईकडं कवळी करायला गेलो. माझ्या तोंडात साच्याचा गोळा कोंबून बाई हात धूत म्हणल्या, "मामा, गाव कोणतं?" म्या बोटानं चिठ्ठीवरलं दाखवलं. बाईचे डोळे चमकले. "म्हणजे त्या जुन्या मीटरगेज ठेसनाचं गाव? फलाट कोणत्या अंगाला होता हो? आड होता का?" तोंडात गोळा, मला उत्तर देता येईना. म्हणलं, आल्या टेपवाल्या. आता काय न्यायचं ऱ्हायलंय?

टेबलावर बघतो तर एक इवलासा मालडबा. शेजारी दाताच्या पांढऱ्या प्लास्टरचा डोंगर, डोंगराला बोगदा. गोळा निघाल्यावर मी इचारलं, "पोरगं किती वर्षांचं हाय?"

"पोराचं न्हाई मामा, माझंच आहे," बाई म्हणल्या, लाजल्या न्हाईत. "आम्ही तिघं दर रविवारी जमतो. ज्याचं जेवढं झालं तेवढं दाखवतो. तुमचं ठेसनच करायलोत आम्ही, लहानसं. या की एकदा."

आमचं ठेसन. मला न इचारता. मी येतो म्हणलो ते बघायला न्हाई, पहारा करायला.

मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्या तिघांतल्या अप्पांची आडत हाय. खाली ज्वारीचे ढीग, वरल्या खोलीत ह्यांचा कारखाना. अप्पा म्हणजे गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, डोक्यावर पांढरी टोपी, माणूस तोलून बोलणारा. "शरणार्थ मामा," म्हणले आन तक्क्याला जागा दिली. तिसरा गायकवाड, वीजमंडळातला लाईनमन. बोटाच्या पेराएवढे दिव्याचे खांब करतो. मी म्हणलं, "आमच्या गल्लीत चार दिवसांनी लाईट येती, आन तुमी खेळण्यात दिवे लावायलात?"

"मामा, हिथं तरी तकरार येत न्हाई," गायकवाड म्हणला.

हासले सगळे. मी न्हाई हासलो.

त्यांची एक रीत हाय. आपलं आपलं काम मधल्या टेबलावर ठिवायचं. कुणी वा म्हणायचं न्हाई. अप्पा एकेकाला एकच इचारणार, "काय अडलं?" मग ज्यानं त्यानं आपलं अडलेलं सांगायचं. बाईचा बोगदा तडकत होता. गायकवाडच्या सिग्नलचा हात पडायचा पण उठायचा न्हाई. अप्पांनी तर रूळ वाकडे बसवले होते आन राजरोस सांगत होते. मला ही रीत पटली न्हाई. अडलेलं चव्हाट्यावर सांगणारा माणूस एक तर खुळा, न्हाईतर तुमच्याकडनं काई काढून घ्यायला बसलेला.

पण टेबलावर त्यांनी पुठ्ठ्याचं जे ठेसन ठिवलं होतं ते बघून मला घरी झोप लागेना. ते खोटं होतं असं न्हाई. मुकं होतं.

कडब्याची पेंढी सोडली. ज्वारीचं धांडं घेतलं, साल काढली, आतलं पांढरं भेंड मोकळं केलं. लहानपणी ह्याच भेंडाच्या बैलगाड्या करायचो, सालीचे चष्मे करायचो, बाभळीच्या काट्यानं जोड द्यायचो. हात इसरले नव्हते. भिती भेंडाच्या, छप्पर सालीचं, खिळा एकबी न्हाई. कौसाबाई, म्हणजे आमची मंडळी, पाट्यावर वाटता वाटता म्हणली, "नातवंडं शिकायला पुण्याला गेली, आन आज्यानं भातुकली मांडली."

पुढल्या ऐतवारी टोपल्यात फडकं टाकून नेलं. टेबलावर ठिवलं. रीत होती म्हणून कुणी वा म्हणलं न्हाई. पण बाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्ना घातला. गायकवाडनं मोबाईल काढला तसा मी टोपल्यानं ठेसन झाकलं.

"फोटो न्हाई."

"बरं मामा, न्हाई."

"काय अडलं?" अप्पांनी इचारलं.

"माझं काई अडत न्हाई," मी म्हणलो.

असे लय ऐतवार गेले. मालधक्का झाला, आड झाला, मालबाबूची खोली झाली. दर येळी अप्पा इचारायचे, दर येळी माझं उत्तर तेच. आन दर येळी उठताना ते म्हणायचे, "मामा, आता हिथंच ऱ्हाऊ द्या की. रूळ तुमच्या फलाटाला जोडून घेऊ." मी टोपलं भरायचो. एकदा जोडलं की ते टेबलाचं झालं. टेबल कुणाचं? अप्पांचं. मग ठेसन कुणाचं? ही गोष्ट मला कुणी शिकवायची गरज न्हाई.

गेल्या ऐतवारी अवकाळीनं घोळ केला. दुपारीच आभाळ काळं झालं आन गारा पडायला लागल्या. भेंडाला पाणी लागलं तर लगदा. अप्पा म्हणले, "आजचा दिवस ठिवा. मी हाय की." दुसरा इलाज नव्हता. ठिवलं. दारातनं तीनदा माघारी बघितलं. तो आठवडा भाकरीला चव नव्हती. कौसाबाई म्हणली, "लेक सासरी धाडली तवा एवढी तळमळ नव्हती तुमाला."

"लेकीचं सासर मी बघून दिलं होतं," मी म्हणलो.

आज सकाळी खोलीत गेलो. बाई होत्या, गायकवाड होता, अप्पा नव्हते. टेबलावर माझ्या ठेसनाच्या जागी नुसती पांढरी भुकटी.

मी ती चिमटीत धरली. भेंडाची भुकटी.

"कुठाय?"

"आम्हीपण आत्ताच आलोत मामा," बाई म्हणल्या. "अप्पा मावशीच्या मातीला सोनपेठला गेले होते. यायलेत एवढ्यात."

"मोडलं का इकलं?"

"मामा, बसा तरी," गायकवाड म्हणला.

"बसायला आलो का मी? पहिल्या दिवशी ओळखलं होतं! गोड बोलायचं, माप घ्यायचं, चहा पाजायचा, आन मागनं सगळं उचलून न्यायचं! पहिलं नेलं तवा टेप धरला मी. ह्या येळी टोपल्यात घालून आणून दिलं. माझ्यासारखा गाढव न्हाई ह्या मुलखात!"

खाली मोंढ्यातले हमाल वर बघायला लागले. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पाण्याचं काय, टेपवाल्यांनीबी जाताना माझे हात हातात घेतले होते. मी खोलीचे कोपरे धुंडले, पोत्यामागं बघितलं, गायकवाडची पिशवीसुदिक उलटी केली. निघालं काय, तर दिव्याचे खांब आन दोन केळी.

तेवढ्यात जिन्यावर अप्पा. प्रवासानं धुळीनं भरलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं आन कपाळाला हात लावला. "अरे शिवा! सांगायचं राहिलंच की. चला, खाली चला."

दुकानाच्या मागल्या खोलीत पत्र्याच्या कोठ्या. अप्पांनी एकीचं झाकण काढलं, वरला लिंबाचा पाला बाजूला केला. "सोमवारी बघितलं तर छपराखाली पीठ पडायलेलं. भेंडात टोके किडे लागले होते मामा. वरनं मोंढ्यातले उंदीर. आन मला निरोप आला सोनपेठचा. मग धान्याला करतो तेच केलं. लिंबाच्या पाल्यात घातलं, आन हलू नये म्हणून भोवती ज्वारी."

गायकवाड कोठीत वाकला. "अप्पा! टोके लागलेलं सामान ज्वारीत घातलंत? आडत्या का कोण तुमी? आता कोठीबी गेली की!"

अप्पांनी टोपी मागं सारून डोकं खाजवलं. उभा जलम धान्यात गेला, आन हे ध्यानातच आलं न्हाई त्यांच्या. बाई डोळे पुसता पुसता हासायला लागल्या.

मी आत बघितलं.

ठेसन जसंच्या तसं होतं. छपराला दोन भोकं, बस. पण फलाटावर ज्वारी सांडली होती. टप्पोरी, पिवळी. भेंडाच्या त्या एवढ्याशा फलाटावर एकेक दाणा पोत्याएवढा दिसत होता. मालधक्क्यावर थप्पी लागली होती. दारापाशी लिंबाचा एक डहाळा उभा होता, अप्पांनी मुद्दाम ठिवला न्हाई, पडला तसा पडला. आन वास. झाकण काढल्याबरूबर तो कडू वास वर आला, धान्याच्या धुळीत मिसळून, आन मला लांबनं, जमिनीतनं, तार वाजल्यागत झालं.

अप्पांनी, म्हणजे त्यांना दुसरं काई सुचलं नसंल, हळूच इचारलं, "काय अडलं, मामा?"

मी काई अडत न्हाई म्हणणार होतो. तोंडात आलंच होतं.

"रशीद अडलाय," मी म्हणलो.

मग सांगितलं. पोर्टर रशीद, त्याची टोपी, त्याची रिंग. भेंडाचा माणूस कवाच करून ठिवलाय, सालीची रिंगबी केली, चष्म्यासारखी वाकवून. महिना झाला दोन्ही खिशात घेऊन हिंडतोय. पण रिंग कोणत्या हातात द्यायची तेच आठवत न्हाई. उजवा का डावा. डोळे झाकले की इंजिन दिसतं, धूळ दिसती, रशीदचं तोंड दिसतं. हात दिसत न्हाई. हजार येळा बघितलेला हात.

कुणी च्च च्च केलं न्हाई. बाई म्हणल्या, "अप्पा, तुम्ही रशीदभाई व्हा. हे घ्या." आन कोपऱ्यातली चाळणी त्यांच्या हातात दिली. "गायकवाड, इंजिन."

"मीच बरा घावतो," गायकवाड म्हणला, आन पोत्यांच्या मागनं भक भक करत निघाला. दारात हमाल गोळा झाले. एकानं शिट्टी मारली.

अप्पांनी उजव्या हातानं चाळणी वर धरली. गायकवाड धावत आला, चाळणी घेऊन गेला. मी मान हालवली. न्हाई. कायतरी उघडं वाटायलंय.

"पुन्ना," बाई म्हणल्या. "अन् जोरात. मेल आहे ती, पाशिंजर न्हाई."

ह्या बारीला अप्पांनी डावा हात वर केला. गायकवाड असा सुटला की पायाखालची ज्वारी उडाली, धुळीचा लोट उठला. अप्पांची टोपी घसरली, आन त्यांचा उजवा हात आपसूक डोक्यावर गेला. टोपी दाबून धरली. डाव्या हातात चाळणी उंच.

"तसंच!" मी वरडलो. "तसंच ऱ्हावा! हालू नका!"

इंजिनाच्या वाऱ्यानं टोपी उडायची त्याची. एकदा उडून रुळात गेली होती. तवापासून उजवा हात टोपीवर, डावा रिंगीला. रशीद उभा होता. आडतीच्या मागल्या खोलीत, गळ्यात लिंग घालून, कपाळाला भस्म लावून, पण रशीदच.

"दुखायलंय मामा," अप्पा म्हणले. "सोडू का हात?"

"गाडी जाऊ द्या की," मी म्हणलो.

खिशातला भेंडाचा माणूस काढला. काट्यानं त्याचा डावा हात वर बसवला, उजवा टोपीवर. फलाटाच्या कडेला, सांडलेल्या ज्वारीत उभा केला. अप्पा म्हणले, निवडून काढतो ज्वारी. मी म्हणलं, फलाटावरली ऱ्हाऊ द्या. बायांसाठी.

वर नेऊन टेबलावर ठिवलं. अप्पांनी रूळ फलाटाला आणून टेकवले, वाकडेच. मी टोपलं उचललं, रिकामं. अप्पांनी त्यात पाला भरला, घरी उरलेल्या धांड्यांत घालायला. माप कुणी इचारलं न्हाई. जिन्यात गायकवाड म्हणला, "मामा, आता इश्वास बसला ना?" मी नुसतं खाकरलो.

एस.टी. गावच्या येशीपाशी आली. पलीकडं मोठ्या लाईनीवरनं एक गाडी गेली, थांबली न्हाई, लिंब होता तिथनं गेली. मी उतरलो आन खिसा चाचपला. सालीची रिंग खिशातच हाय.

रशीदच्या हातात दिली न्हाई. ठेसन ठिवलं, माणूस ठिवला, एवढं पुरे झालं एका ऐतवाराला. आता ते तिघं तिकडं दिवे लावोत, सिग्नल पाडोत. रिंग माझ्याकडं हाय, तवर त्या ठेसनातनं गाडी हिलत न्हाई.